पहिलं विमान राइट बंधूंचंच का? एका मेंटेनन्सवाल्याचं सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे की राइट बंधूंच्या आधी फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत, अगदी आपल्या मुंबईत तळपदेंनीसुद्धा विमान उडवलं असं वाचायला मिळतं, मग पहिलं विमान म्हटलं की नाव राइट बंधूंचंच का येतं, आणि सायकलचं दुकान चालवणाऱ्या दोघांनी असं काय केलं जे मोठमोठ्या लोकांना जमलं नाही. माझं सगळं आयुष्य विमानांच्या मेंटेनन्समध्ये गेलंय, आधी फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानांवर आणि नंतर मुंबईला मोठ्या जेटवर, त्यामुळे उत्तर हँगरच्या बाजूने देतो.

सरळ सांगायचं तर बाकीचे बहुतेक सगळे विमान वर कसं न्यायचं याच्या मागे लागले होते आणि हे दोघं वर गेल्यावर ते ताब्यात कसं ठेवायचं याच्या मागे. सगळा फरक इथेच आहे. आजही कंट्रोल्सचं काही काम निघालं, एखादी केबल बदलली, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा वरखाली हलणारा भाग) काढून परत बसवलं, की एकाने काम करून सही करायची आणि दुसऱ्याने स्वतंत्रपणे परत सगळं तपासून सही करायची असा नियम आहे, त्याला आम्ही डुप्लिकेट इन्स्पेक्शन म्हणतो. व्हील उजवीकडे फिरवलं की उजवं एलेरॉन वर आणि डावं खाली गेलं पाहिजे, एक जण कॉकपिटमध्ये आणि एक जण बाहेर पंखाकडे बघत उभा. इंजिन बंद पडलं तर विमान काही वेळ तरंगत खाली येतं, पण कंट्रोल उलटे जोडले गेले असतील तर टेकऑफनंतर काही सेकंदातच खेळ खलास, आणि अशी माणसं खरोखर गेलेली आहेत. म्हणून मला राइट बंधूंचं डोकं पहिल्यापासून पटतं.

आता आधीचे लोक बघू. फ्रान्सच्या क्लेमाँ अडेरचं वाफेच्या इंजिनाचं वटवाघळासारख्या पंखांचं विमान ९ ऑक्टोबर १८९० ला साधारण ५० मीटर गेलं, जमिनीपासून वीतभर उंचीवरून. म्हणजे उडी मारली असं म्हणू शकतो, पण ते वळवायचं कसं, तिरकं झालं तर सरळ करायचं कसं, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. इंग्लंडमध्ये हायरम मॅक्सिम, तोच मशीनगनवाला, त्याने साडेतीन टनाचं धूड बनवलं, १८०-१८० हॉर्सपॉवरची दोन वाफेची इंजिनं, आणि रुळांवरून पळवलं, जास्त वर जाऊ नये म्हणून वरून आणखी लाकडी रूळ घातले होते. १८९४ च्या जुलैमध्ये ते खरंच उचललं गेलं, वरचे रूळ तोडले आणि मोडलं. ताकद दणकून होती, ताबा शून्य.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण सॅम्युएल लँग्लींचं. हे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख, नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ, १८९६ साली यांचं बिनमाणसाचं वाफेचं मॉडेल पोटोमॅक नदीवर जवळजवळ एक किलोमीटर उडालं, ही खरोखर मोठी गोष्ट होती आणि तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मग लष्कराने ५०,००० डॉलर दिले आणि माणूस नेणारं मोठं विमान झालं. त्याचं इंजिन त्यांचा असिस्टंट चार्ल्स मॅन्लीने असं काही जमवलं की आजही बघून कौतुक वाटतं, ५२ हॉर्सपॉवरचं रेडियल, त्या काळात एवढ्या कमी वजनात एवढी ताकद कुणाकडेच नव्हती. राइट बंधूंचं इंजिन १२ हॉर्सपॉवरचं! तरी लँग्लींचं विमान ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३, दोन्ही वेळा हाउसबोटीवरच्या कॅटापल्टवरून (विमान जोराने पुढे फेकणारं यंत्र) सुटलं आणि थेट नदीत गेलं, मॅन्ली दोन्ही वेळा पाण्यातून वाचला हे नशीब. लँग्लींनी दोष कॅटापल्टला दिला, पण मॉडेल मोठं करताना सांगाड्याची मजबुती त्या प्रमाणात वाढली नव्हती, आणि समजा ते नीट सुटलं असतं तरी एका बाजूला कललेलं विमान सरळ करायची सोय त्यात नव्हतीच, आणि मॅन्लीने कधी ग्लायडरसुद्धा उडवलेलं नव्हतं.

यात वेगळा माणूस म्हणजे जर्मनीचा ओटो लिलिएन्थाल. त्याने १८९१ पासून पाच वर्षांत टेकड्यांवरून ग्लायडरने साधारण दोन हजार उड्डाणं केली. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं, उडणं शिकायचं तर हवेत जाऊन शिका. पण त्याचा कंट्रोल म्हणजे लटकलेलं अंग इकडेतिकडे झोकायचं, आणि ९ ऑगस्ट १८९६ ला हवेच्या झोतात ग्लायडर नाक वर करून थांबलं, कोसळलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. ही बातमी अमेरिकेत डेटनला सायकलच्या दुकानात पोचली आणि विल्बर राइटने हा विषय गंभीरपणे डोक्यात घेतला. मे १८९९ मध्ये त्याने स्मिथसोनियनला पत्र लिहून या विषयावरचं जे काही छापलेलं असेल ते मागवलं.

सायकलवाल्याला एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते. सायकल स्वतःहून उभी राहत नाही, चालवणारा सतत सावरत असतो, आणि वळताना ती आत झुकवावीच लागते. त्या काळातले बाकीचे सगळे विमानाची कल्पना जहाजासारखी करायचे, म्हणजे सपाट राहायचं आणि मागे सुकाणू फिरवून वळायचं. राइट बंधूंनी पहिल्यापासून गृहीत धरलं की वळायचं तर झुकायला हवं, आणि सावरायचं काम पायलटचं. पंख झुकवायची युक्ती विल्बरला ट्यूबच्या रिकाम्या खोक्याशी चाळा करताना सुचली, खोक्याची दोन टोकं उलट दिशेने पिळली की एका बाजूची कड वर होते आणि दुसरीकडची खाली. मग दोरीने पंख पिळायचे, एका बाजूची लिफ्ट म्हणजे वर उचलणारी ताकद वाढेल, दुसरीकडची कमी होईल, विमान कलेल. १८९९ मध्येच त्यांनी पाच फुटी पतंगावर हे करून बघितलं आणि मग १९०० पासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या किटी हॉकच्या समुद्रकाठी वाळूच्या टेकड्यांवर ग्लायडर न्यायला लागले.

१९०१ चं ग्लायडर मात्र फसलं. लिफ्ट हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश मिळत होती आणि वळताना ते विचित्र वागत होतं. दोघं निराश होऊन परत गेले. पण इथेच यांची खरी मोठेपणाची गोष्ट सुरू होते असं मला वाटतं, कारण त्यांनी हात टेकले नाहीत आणि आंधळेपणाने नवं ग्लायडरही बांधलं नाही, ज्या आकड्यांवर सगळं जग हिशेब करत होतं ते आकडेच तपासायला घेतले. हवेच्या दाबाचा एक गुणांक, स्मीटनचा म्हणतात, अठराव्या शतकापासून ०.००५ धरला जायचा. यांनी मोजून ०.००३३ च्या आसपास आणला, जो बरोबर आहे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर सहा फूट लांब, सोळा इंच चौरस अशी लाकडी पेटी म्हणजे विंड टनेल, एका टोकाला पंखा, आणि आत हॅकसॉ ब्लेड आणि सायकलच्या स्पोकपासून बनवलेले नाजूक तराजू. १९०१ च्या हिवाळ्यात दीडशे-दोनशे आकाराचे छोटे पत्र्याचे पंख त्यात तपासले. त्यातून कळलं की पंख लांब आणि अरुंद हवेत. आधीचं ग्लायडर २२ फूट लांब आणि ७ फूट रुंद पंखांचं, पुढचं ३२ बाय ५. लिफ्टचा प्रश्न सुटला.

आता १९०२ चं ग्लायडर, याच्यावर जरा थांबतो कारण माझ्या मते विमानाचा शोध खऱ्या अर्थाने इथे लागला, इंजिन बसायच्या आधी.

झालं काय, पंख पिळला की ज्या बाजूची लिफ्ट वाढते त्या बाजूचा ड्रॅग म्हणजे हवेचा अडथळापण वाढतो. म्हणजे डावीकडे वळायचं म्हणून उजवा पंख वर उचलला तर तोच पंख मागे ओढला जातो आणि नाक डावीकडे जायच्या ऐवजी उजवीकडे फिरतं. याला आज आपण अॅडव्हर्स यॉ म्हणतो. जुन्या पुष्पकसारख्या छोट्या ट्रेनिंग विमानात बसला असाल तर रडर (शेपटीचं उभं सुकाणू) न देता नुसतं एलेरॉन मारून बघा, नाक आधी उलटीकडे जातं ते स्पष्ट दिसतं, शिकाऊ पायलटला इन्स्ट्रक्टर यावरूनच सगळ्यात जास्त ओरडतो. राइट बंधूंना हे कुणी सांगणारं नव्हतं, कारण त्यांच्या आधी पंख पिळून वळायचा असा प्रयत्न कुणी केलाच नव्हता. त्यांनी १९०२ मध्ये मागे दोन उभ्या फिक्स पट्ट्या लावल्या, नाक फिरणं थांबेल म्हणून. बरेचदा थांबलंही, पण कधीकधी भलतंच व्हायला लागलं. विमान कललं की खालच्या पंखाकडे घसरायचं, त्या घसरण्याने शेपटीवर बाजूने हवा यायची आणि नाक आणखी खालच्या पंखाकडे फिरायचं, तो पंख अजून मंदावायचा, पायलट घाबरून तो उचलायला पंख पिळायचा तर त्याचा ड्रॅग वाढून तो अजूनच मागे, आणि शेवटी पंखाचं टोक वाळूत घुसून गोल गोल खड्डा करायचं. ते दोघं याला विहीर खणणं म्हणायचे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री धाकटा भाऊ ऑर्व्हिल जास्त कॉफी झाल्याने जागा होता आणि पडल्या पडल्या त्याला वाटलं की शेपटी हलती केली तर. सकाळी विल्बरला सांगितलं, विल्बरने लगेच पुढचं जोडलं की मग ती पंख पिळायच्या दोऱ्यांनाच बांधू, म्हणजे पायलटला एक जास्तीचं काम नको. पायलट खालच्या पंखावर पालथा झोपायचा आणि कमरेखाली एक सरकणारी चौकट असायची, कंबर डावीकडे सरकवली की पंख पिळायचे आणि आता रडरही बरोबर फिरायला लागलं. झालं, तिन्ही अक्षांवर ताबा आला, पुढचं एलिव्हेटर नाक वरखाली करायला, पंख कलायला आणि रडर नाक सरळ ठेवायला. त्या दोन महिन्यांत सातशे ते हजार ग्लाइड्स त्यांनी मारल्या. त्यांनी पुढे पेटंट घेतलं ते याच पद्धतीचं, १९०६ साली मिळालं, आणि त्यात इंजिनाचा मुद्दाच नाही. आज मोठ्या जेटमध्ये यॉ डॅम्पर आणि कॉम्प्युटर हेच काम करतात, रडर आणि एलेरॉनचा मेळ घालणं.

इंजिनाबद्दल लिहिलं नाही तर माझ्या जातभाईंचा अपमान होईल. कुठलीच कंपनी हवं तसं हलकं इंजिन द्यायला तयार नव्हती म्हणून त्यांच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने ते बनवलं, सहा आठवड्यांत, हाताशी एक लेथ, एक ड्रिल प्रेस आणि हातातली अवजारं. नीट ड्रॉइंग नव्हतंच, एकेका पार्टचं स्केच कागदावर काढायचं आणि बाकाच्या वर टाचून ठेवायचं. क्रँकशाफ्टसाठी ३२ इंच लांब, ६ इंच रुंद आणि दीड इंचाहून थोडी जाड अशी टूल स्टीलची पट्टी घेतली, त्यावर आकार आखून कडेने भोकं पाडली, छिन्नी-हातोड्याने जास्तीचं स्टील उडवलं आणि मग लेथवर चढवून फिनिश केलं, तयार क्रँकशाफ्ट १९ पौंडांचा. ज्याने लेथवर काम केलंय त्याला कळेल हे किती कष्टाचं आहे. क्रँककेस अॅल्युमिनियमचं, तेव्हा ही नवीन गोष्ट होती. कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल वरून थेंबथेंब गरम जागेवर पडायचं आणि वाफ होऊन आत जायचं. फेब्रुवारी १९०३ मध्ये टेस्टला बेअरिंग जाम होऊन पहिलं क्रँककेस फुटलं, परत नवं ओतून आणलं. २४ मे हा चार्लीचा वाढदिवस आता एअरक्राफ्ट मेंटेनन्सवाल्यांचा दिवस म्हणून पाळतात, हँगरमधल्या नव्या पोरांना मी हे नाव आवर्जून सांगायचो.

प्रोपेलरचं पण तसंच. जहाजाच्या पंख्याची थिअरी घेऊन करू म्हटलं तर ती थिअरीच कुणाकडे नव्हती. मग त्यांनी विचार केला की प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच, आणि विंड टनेलचे आकडे वापरून साडेआठ फुटांचे दोन लाकडी प्रोपेलर घडवले, सायकलसारख्या चेनने फिरवायचे, एक चेन तिढा देऊन आठाच्या आकारात म्हणजे दोन्ही प्रोपेलर उलट दिशेने फिरतील. जवळजवळ पाऊण ताकद हवेला मिळत होती, पहिल्याच प्रयत्नाला हे अफाट आहे, आणि १२ हॉर्सपॉवर पुरले ते यामुळेच.

किटी हॉकला नोव्हेंबर १९०३ मध्ये जे झालं ते वाचताना मला आमच्याच लाइनवरचा स्नॅग म्हणजे बिघाडाची नोंद वाचल्यासारखं वाटतं. इंजिन मिसफायर करत होतं, त्या झटक्यांनी प्रोपेलर शाफ्ट खराब झाले, ते डेटनला चार्लीकडे पाठवले. परत आले तर स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) ढिले पडायला लागले, कितीही घट्ट करा, काही सेकंदांत परत ढिले. शेवटी सायकलचे टायर चिकटवायचं सिमेंट गरम करून थ्रेडमध्ये ओतलं आणि ते बसले ते बसलेच. मग २८ नोव्हेंबरला एका शाफ्टला केसाएवढी चीर दिसली. थंडी वाढत होती, सीझन संपत आला होता, वेल्ड करून एक उड्डाण उरकून टाकू असा मोह कुणालाही झाला असता. ऑर्व्हिल ट्रेन पकडून डेटनला गेला आणि पोकळ नळीच्या जागी स्प्रिंग स्टीलचे भरीव शाफ्ट बनवून ११ डिसेंबरला परत आला. लँग्लींचं दुसरं विमान नदीत पडलं ते नेमकं याच दिवसांत.

१४ तारखेला नाणं उडवलं, विल्बर जिंकला, टेकडीच्या उतारावरून सुटला, नाक जास्त उचललं आणि साडेतीन सेकंदात स्टॉल होऊन, म्हणजे लिफ्ट तुटून, खाली. ते दोघं त्याला उड्डाण मानायलाच तयार नव्हते. दुरुस्ती केली आणि १७ डिसेंबर १९०३ ला सकाळी १०.३५ ला सपाट वाळूवरून, समोरून ताशी वीस मैलांहून जास्त वारा, ऑर्व्हिल १२ सेकंद, १२० फूट. त्या दिवशी चार उड्डाणं झाली, शेवटचं विल्बरचं ५९ सेकंद, ८५२ फूट. नंतर वाऱ्याच्या झोताने विमान उलटंपालटं होऊन मोडलं आणि परत कधी उडालं नाही.

पण मला विचाराल तर खरं कामाचं पहिलं विमान १९०५ चं. १९०३ च्या विमानाचं नाक एका जागी ठरत नव्हतं, सारखं वरखाली. १९०४ मध्ये डेटनजवळ हफमन प्रेअरीच्या कुरणात परत सुरुवात, २० सप्टेंबरला पहिला पूर्ण गोल. १९०५ ला एलिव्हेटर मोठं करून आणखी पुढे नेलं, रडरचा कंट्रोल वेगळा केला. तरी एक गोष्ट उरली होती, आवळत्या वळणात विमान आतल्या बाजूला घसरायचं आणि सरळच व्हायचं नाही. २८ सप्टेंबरला ऑर्व्हिल असाच एका काटेरी झाडाकडे घसरत चालला होता, खाली उतरूनच घ्यावं म्हणून त्याने नाक खाली केलं आणि पंख लगेच ताब्यात आला. वळताना पंखावर भार वाढतो, स्पीड कमी पडतो आणि आतला पंख स्टॉल होतो, उपाय म्हणजे नाक खाली करून स्पीड घेणं. आज प्रत्येक पायलटला पहिल्या काही तासांत हे शिकवतात. पुढच्याच आठवड्यात, ५ ऑक्टोबरला, विल्बर ३९ मिनिटं गोल गोल फिरत २४ मैल उडाला आणि पेट्रोल संपलं म्हणून उतरला. त्या दिवशी जगात दुसऱ्या कुणाकडेही मिनिटभर उडणारं विमान नव्हतं.

सांतोस-द्युमाँचा मुद्दा हमखास येतो, ब्राझीलच्या लोकांसाठी तोच पहिला. तो माणूस खरंच मोठा होता, १९०६ मध्ये पॅरिसला सगळ्यांसमोर चाकांवरून टेकऑफ केला, नोव्हेंबरमध्ये २२० मीटर. राइट बंधूंनी कॅटापल्ट वापरला म्हणून ते बाद, असं जे म्हणतात त्यात एक घोळ आहे. कॅटापल्ट त्यांनी सप्टेंबर १९०४ पासून घेतला, १९०३ ला फक्त ६० फुटांचा रूळ आणि समोरचा वारा होता. आणि युरोपातल्या विमानांची वळायची बोंब १९०८ पर्यंत तशीच होती, सपाट घसरत वळायचे. त्या ऑगस्टमध्ये विल्बरने फ्रान्समधल्या ल माँजवळच्या रेसकोर्सवर पावणेदोन मिनिटांत विमान झुकवून सुंदर वळणं घेतली, आणि तोवर यांना थापाडे म्हणणाऱ्यांनी जाहीरपणे चूक कबूल केली. फ्रेंच वैमानिक ब्लेरिओ ते बघायला हजर होता, पुढच्या वर्षी २५ जुलै १९०९ ला त्यानेच इंग्लिश खाडी ओलांडली.

आता तळपदे. शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईचे, संस्कृतचे जाणकार, आणि १८९५ ला चौपाटीवर त्यांनी बिनमाणसाचं यान उडवलं अशी गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मला त्या माणसाबद्दल आदर आहे, त्या काळात गुलाम देशातल्या शहरात बसून असलं स्वप्न बघायला काळीज लागतं. पण मेंटेनन्समध्ये आम्ही एकच शिकतो, लॉगबुकमध्ये नोंद नसेल तर काम झालंच नाही असं धरायचं. त्या यानाचं मोजमाप, ड्रॉइंग, इंजिन, तेव्हाचा फोटो, यातलं काहीच समोर नाही. वैमानिक शास्त्र या पोथीचा आधार देतात, तर बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या अभ्यासकांनी १९७४ साली ती तपासली आणि निष्कर्ष काढला की पोथी १९०४ च्या आधीची नाही आणि त्यातली यानं उडू शकत नाहीत. म्हणजे १८९५ च्या प्रयोगाला तिचा आधार लागूच होत नाही. आणि समजा चौपाटीचं उड्डाण जसं सांगतात तसं झालं असेल, तरी ते लँग्लींच्या १८९६ च्या मॉडेलच्या रांगेत बसेल, आत बसून वळवता येणाऱ्या विमानाच्या नाही. तळपदेंवर खरं प्रेम असेल तर त्या काळातली वर्तमानपत्रं, मुंबईतल्या घरांमधली जुनी पत्रं, कागद शोधायचं काम कुणीतरी चिकाटीने करायला हवं.

एक शेवटचं, मुलांकडे अमेरिकेला जाणारे बरेच जण वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये १९०३ चं विमान बघून येतात, तसं बघायला हवंच. पण ओहायोच्या बाजूला असाल तर डेटनला कॅरिलन पार्कमध्ये १९०५ चं विमान ठेवलंय ते जरूर बघा. पायलटची झोपायची जागा बघा, कमरेच्या चौकटीपासून निघालेली तार कुठून कुठे जाते ती नजरेने पंखाच्या टोकापर्यंत धरत जा, आणि मग रडरचा वेगळा दांडा शोधा, १९०२ ची ती जोडणी त्यांनी इथे का सोडवली ते तिथे उभं राहून लगेच कळतं.